आट्यांतला साबण

रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारात
मेथीच्या ढिगामागं, गोणपाटावर
शौकत बागवान जुनं लोखंड मांडतो:
किल्लीवाचून कुलपं, कुलपांवाचून किल्ल्या,
स्टोव्हचे बर्नर, शिवणयंत्राचा एक पाय,
आणि माझ्यासाठी बाजूला काढलेलं
एखादं दाढीचं यंत्र.
"तिन्ही तुकडे हाईत मास्तर. ब्लेड तेवढं तुमचं."

अशी चव्वेचाळीस झालीत.
एकाचं बूड पिळलं की माथ्यावरची दोन दारं
आवाज न करता उघडतात.
एक काडेपेटीएवढ्या डबीत मावतं, फिरतीवरच्या माणसाचं.
एक नुसत्या पत्र्याचं, कुठल्याशा साबणावर फुकट आलेलं,
तेच सगळ्यात गुळगुळीत करतं.
एकाच्या मुठीवर दाभणानं कोरलंय 'र. बा.'
आणि खाली, दुसऱ्या अक्षरात, 'र. बा.चं नाही'.

रोज वेगळं घेतो.
सरोज म्हणते, मेलेल्यांची हत्यारं तोंडावरनं फिरवता.
मी म्हणतो, पातं नवं असतं गं.
जड मुठीला जोर द्यायचा नसतो,
तिचं तिला उतरू द्यायचं गालावरनं,
उतारावर सायकल सोडल्यागत.
हनुवटीच्या वळणाला मात्र श्वास धरायचा.
मग तुरटी.
कुठं चुकलं ते तुरटी बरोबर सांगते.

उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथवर उभा आहे.
झिजलेला आटा मला डोळ्याआधी बोटाला कळतो.
हे कुणीतरी सांगितलं म्हणून
आक्काताई मगदूम राजारामपुरीहून आल्या,
दारात रिक्षा थांबवून ठेवली,
रुमालाची गाठ सोडली.
"ह्यांचं हाय. मूठ नुसती फिरतीया. धरत न्हाई."

आदगोंडा मगदूम, एसटीत कंट्रोलर.
जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती.
मी विचारलं नाही
मूठ धरत नाही हे आता कोण बघतं,
आणि कितीदा.

जीव ओतून केलं काम.
रात्रभर चिंचेच्या पाण्यात ठेवलं,
सकाळी कढत पाणी,
दातांच्या जुन्या ब्रशनं आट्याआट्यातनं खरवडलं,
दात्यांच्या फटीतनं करडं काहीतरी निघालं,
वाटीत तरंगलं,
ते मोरीत ओतलं.
पितळेचा बुश बसवला, नवा आटा पाडला.
निकेल असं उजळलं
की माझंच नाक त्यात वाकडं दिसलं.
मूठ धरली. घट्ट.
शौकतला मुद्दाम बोलावून दाखवलं.
तो म्हणाला, नाद खुळा मास्तर.

आक्काताईंनी तिन्ही तुकडे सुटे करून
तळव्यावर ठेवले.
एकेक नाकाशी नेला.
पहिला पुन्हा नेला.
मग म्हणाल्या,
"साबण हुता की वो आत."

बास, तेवढंच.
पैसे नको म्हटलं तरी
लेथच्या कडेला, लोखंडाच्या किसावर ठेवून गेल्या.
जाताना वळून, माझीच समजूत घातल्यासारखं,
"काम चांगलं झालंय हां."

रिक्षा वळल्यावर मी मोरीची जाळी उचलून बघितली.
कशाला, ते विचारू नका.
चहाची पत्ती होती, आणि एक बटण.

कपाटात चव्वेचाळीस यंत्रं लखलखतात.
प्रत्येक मी स्वतः उकळलेलं,
प्रत्येकाचं पाणी ओतलेलं.
त्या रात्री ट्यूबलाइट लावून
आट्यांत सुई घालून बघितली एकेकाच्या.
मी चांगला कारागीर आहे.
कुठंच काही राहिलेलं नव्हतं.

परवा शौकतनं पंचेचाळिसावं दिलं.
झाकणाखाली पांढरं, वाळून दगड झालेलं,
त्यात एक केस. आखूड, तांबूस.
धुतलं नाही. वापरलंही नाही.
वर्तमानपत्रात गुंडाळून नटबोल्टच्या डब्यात ठेवलंय,
आणि डब्यावर काय लिहावं ते सुचत नाही.

आज माझंच घेतलं, पहिल्या पगारातलं.
दाढी झाली. फेस अजून दात्यांत होता.
आतनं सरोजची हाक, "धुऊन ठेवलं का?"
"धुतोय," म्हणालो,
आणि नळ सोडला.
पाणी वाहत होतं एका हाताला,
यंत्र दुसऱ्या.